आधी मले कळलं पाहिजे

माझ्या धाकट्या बहिणीच्या हाताला छातीत गाठ लागली, तेव्हा तिनं पहिला फोन मला केला. नवरा घरातच होता, आई चार गल्ल्यांपलीकडे होती, आणि मी तिकडे अकोल्याला. तरी मला.

"ताई, तुमच्या दवाखान्यात दाखवते मी," ती म्हणाली. "आन् एक गोष्ट नीट ऐकून घे. जे काय निघन ते आधी मले कळलं पाहिजे. मले म्हणजे मले. यायले नाही, आईले नाही, तुलेही नाही."

यायले म्हणजे ह्यांना, नवऱ्याला. मी हो म्हटलं. असल्या वेळी दुसरं काय म्हणणार? 

ती असं का म्हणाली ते मला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं. त्यानं त्याच्या आईला सांगितलं, तिनं आमच्या आईला, आमच्या आईनं मला. मला अकोल्यात बसून कळलं. बहीण मात्र पलंगावर पडून पोटावर हात फिरवत होती आणि सगळे तिला शिरा खाऊ घालत होते. "आधी थोडी ताकद येऊ द्या, मग सांगू," असं ठरलं होतं. कुणाचा हेतू वाईट नव्हता, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. भांडायला कुणी सापडलंच नाही. "माह्याच आंगातली बातमी, आन् मले सगळ्याच्या मांगून," एवढं ती एकदा बोलली. नंतर तो विषय तिनं काढला नाही.

मी ज्या दवाखान्यात काम करते तो खासगी आहे, बऱ्यापैकी मोठा आहे. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मी कंप्युटरवाली. तळमजल्यावर एक छोटी खोली, तिच्यात सर्व्हर, एसी आणि मी. अकोल्याच्या मे महिन्यात त्या एसीवर सगळ्या दवाखान्याचा डोळा असतो. डॉक्टरांचा ड्रायव्हर, मेडिकल स्टोअरचा माणूस, डबा घेऊन आलेल्या दोघी-तिघी, कुणी ना कुणी काहीतरी निमित्त काढून आत घुसतं. मी हाकलते. त्यामुळे खडूस म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी जिवापाड सांभाळली आहे.

माझं खरं काम म्हणजे कुणी काय उघडायचं ते ठरवणं. आपल्या घरात कसं, ओसरीवर कुणीही येतो, स्वयंपाकघरात ओळखीचं माणूस येतं, आणि देवघरात पाय ठेवायच्या आधी बाहेरचा माणूस आपणहून थांबतो. कंप्युटरला ही लाज नसते, त्याला सगळं सांगून ठेवावं लागतं. रिसेप्शनच्या मुलीला नाव-पत्ता दिसेल पण आजार दिसणार नाही. बिलिंगवाल्याला खोलीचं भाडं दिसेल पण रिपोर्ट दिसणार नाही. नर्सला तिच्या वॉर्डातले पेशंट दिसतील. आणि कुणी काय उघडलं, त्याची नोंद आपोआप मागे राहील, म्हणजे उद्या कुणी "मी नाही बाप्पा" म्हणालं तर दाखवता येईल. परवानगी नसलेलं पान कुणी उघडायला गेलं तर आधी पडद्यावर यायचं, "आपणांस हक्क नाही." एका वॉर्डबॉयनं ते फारच मनाला लावून घेतलं. हक्क नाही म्हणजे काय, मी काय इथं फुकट बसून राहिलो? मग मी ते बदलून लिहिलं, "हे पान तुमच्या कामाचं नाही." आमच्या वऱ्हाडात एवढं सरळ बोललं की कुणाला राग येत नाही.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात वॉर्डात एकच युजर होता. आमच्याकडे नर्सला कुणी नर्स म्हणत नाही, सिस्टर म्हणतात. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी तेच नाव टाकलं, सगळ्या वॉर्डांना मिळून एक युजर, 'सिस्टर'. त्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला, जिथं घरी आपण गॅस लागल्याची तारीख लिहितो तिथं. नोंदवहीत रोज ओळी उमटायच्या: सिस्टर यांनी रिपोर्ट पाहिला, सिस्टर यांनी औषध बदललं. कुठली सिस्टर ते देवाला ठाऊक. मी दोन-तीनदा कुरकुर केली होती, पण काम अडत नव्हतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

बहिणीचा फोन आल्यावर मात्र ती ओळ मला टोचायला लागली. माझ्या सिस्टरचा रिपोर्ट 'सिस्टर' उघडणार, आणि तो कुणी उघडला हे मला कधीच कळणार नाही. त्यात बहिणीच्या सासरचा एक लांबचा पाहुणा आमच्याच मेडिकल स्टोअरमध्ये कामाला. माणूस सज्जन, पण तोंड सताड उघडं. अकोल्यात दुपारी शिंकलं तर संध्याकाळी अमरावतीत त्याची चुलती "सर्दी झाली का" म्हणून विचारते, असा त्याचा हातखंडा.

मी वरिष्ठांकडे जाऊन बसले, हट्ट धरला, आणि प्रत्येक नर्सला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड करून घेतला. कॅलेंडर उतरवलं. वॉर्डात एकच कालवा झाला. सगळ्यात जुन्या सिस्टर माझ्या खोलीत आल्या, एसीखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आमच्यावर भरोसा नाही काय तुमचा? इतके वर्स एका पासवर्डावर संसार केला आमी."

"भरोशाचा प्रश्न नाही हो," मी म्हटलं.

"मंग कायचा आहे?"

 माझ्या बहिणीची फाईल येणार आहे, असं तर म्हणता येत नव्हतं. नियम आहे, असं काहीतरी पुटपुटले. त्या दिवसापासून त्यांनी मला डब्यातली जवसाची चटणी देणं बंद केलं. मला वाईट वाटलं, पण कॅलेंडर मी परत लावलं नाही.

बहीण आणि तिचा नवरा अमरावतीहून आले. नवऱ्याचं तिकडे मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्याच्याकडे आणतात. माणूस लाखात एक. बायकोवर जीव, हाताला कायम काळं ग्रीस, आणि पोटात कुठलीही गोष्ट टिकत नाही. मी गाडी सावलीत लावून येईपर्यंत त्यांनी रिसेप्शनवर नाव नोंदवून टाकलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, सुईनं तुकडा काढला, पाच-सहा दिवस लागतील म्हणाले. बहीण बाहेर आली, मला म्हणाली, "भूक लागली." आम्ही कचोरी खाल्ली. तिनं मिरची मागून घेतली. तिचा नवरा तिच्याकडे बघत नुसता बसून होता, त्याच्या पुढ्यातली कचोरी गार झाली.

निघताना त्यानं मला बाजूला घेतलं. "ताई, सगळं तुमच्या हाताखालूनच जाते ना? आधी मले सांगजा. मी तिले सांभाळून सांगतो, हळूहळू."

"जावईबापू, रिपोर्ट तिचा आहे."

"तिचा म्हणजे माहाच ना," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी पुढे वाद घातला नाही. नुसतं नाही म्हटलं. त्याला लागलं ते दिसलं.

मग ते दिवस सुरू झाले. डॉक्टरांशी मी बोलून ठेवलं होतं. तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर सही केली की त्यांनी मला फक्त "झालं" म्हणायचं, मी बहिणीला फोन लावायचा आणि फोन त्यांच्या हातात द्यायचा. मी खोलीबाहेर उभी राहणार. फाईलीवर मी पहारा बसवला होता. दोन डॉक्टर सोडले तर कुणालाही ती उघडता येणार नव्हती, आणि कुणी प्रयत्न केलाच तर माझ्या पडद्यावर लाल ओळ येणार होती. मी माझीही परवानगी काढून टाकली. पण ही माझीच थट्टा होती, कारण काढणारीही मी आणि परत देणारीही मीच. कुलूप लावायचं आणि चावी आपल्याच कमरेला खोचायची, तसला प्रकार. दिवसातून कितीदा तरी माझा हात त्या बाजूला जायचा. चार बटणं दाबली की कळणार होतं. नोंद राहिली असती, पण नोंद वाचणारं दुसरं होतं कोण?

आई रोज फोन करायची. "पाह्यलं काय?"

"नाही पाहिलं, आई."

"तुह्या हातात आहे ना सगळं? मंग काहून नाही पाहत? माय मेली का तुही, इतका जीव टांगून ठेवलास."

"हातात आहे म्हणूनच नाही पाहत," मी म्हणायचे आणि ती फोन आदळायची. मोबाइल आदळता येत नाही, पण आमच्या आईला येतो.

घरी पोळ्या करताना मला तव्यावरची पोळी दिसायची नाही. नवऱ्यानं दोनदा जळकी पोळी निमूट खाल्ली. दाराचं कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत येऊन ओढून बघायचं, ही माझी सवय आधीपासूनच होती, आता ती गॅसला लागली, गाडीला लागली, पर्सच्या चेनला लागली. मोर्णा नदीच्या पुलावर सिग्नलला उभी असताना मी पर्स उघडून बंद करत होते, तर शेजारचा ऑटोवाला म्हणाला, "हरवलं काय बाई काही?" काही हरवलं नव्हतं. हरवेल असं वाटत होतं.

एका सकाळी पडद्यावर लाल ओळ आली. बहिणीची फाईल उघडण्याचा प्रयत्न. युजर: सिस्टर.

 तो युजर तर मी मारून टाकला होता. धावत जिना चढून वॉर्डात गेले, एकेक कंप्युटर बघितला. शेवटी तो सापडला बिलिंगच्या कोपऱ्यात. तिथल्या जुन्या मशीनवर कुणीतरी कधीकाळी 'सिस्टर' म्हणून आत शिरलं होतं आणि बाहेर पडलंच नव्हतं. मशीनही बंद होत नसे, त्यामुळे दार उघडंच राहून गेलं होतं. बिलिंगवाला बिचारा घाबरला. "मॅडम, नुसतं सुईचं बिल लावून राहिलो होतो. यानंच पटकन उघडते." फाईल उघडली नव्हती आणि आत रिपोर्टही आलेला नव्हता. मी ते मशीन तिथल्या तिथं बंद केलं आणि त्याच्या खुर्चीवर बसून पाणी प्यायले. मला हसू आणि रडू दोन्ही येत होतं. पहारा नसता तर इतक्या छोट्या फटीतून सगळं गेलं असतं, आणि ती बुजली म्हणून मी स्वतःवर जरा खूश झाले. आता कुठूनही वारा जाणार नाही, असं मला खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी डॉक्टरीणबाईंनी सही केली. त्या मला "झालं" म्हणायला फोन उचलणार, तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून त्यांना निकडीचं बोलावणं आलं आणि त्या गेल्या. मला ते नंतर कळलं. मी माझ्या खोलीत बसून नोंदी बघत होते. ओळ आली: रिपोर्ट मंजूर.  मी फोन हातात घेतला. त्याखाली लगेच दुसरी ओळ आली: रुग्णास मोबाइलवर पाठवला.

हो, तशी सोय होती. रिपोर्ट मंजूर झाला की त्याची लिंक पेशंटच्या मोबाइलवर आपोआप जाते. मला ती माहीत होती, पण पहारा बसवताना आठवलीच नव्हती, आणि त्या क्षणी तर मला वाटलं, बरंच झालं, कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिला तिच्या फोनवर मिळालं. मग मी ओळीच्या शेवटचा नंबर वाचला. तो मला पाठ होता. तो नंबर अमरावतीत मोटार वाइंडिंगच्या दुकानाच्या पाटीवर लाल रंगात, हातभर आकड्यांत लिहिलेला आहे.

मी बघत असतानाच तिसरी ओळ आली: रुग्णाने रिपोर्ट उघडला.

माझा रुग्ण त्या वेळी गच्चीवर कुरडया घालत होता, सकाळीच तिनं फोनवर सांगितलं होतं. मी बहिणीला फोन लावला, वाजत राहिला. ती फोन खाली ठेवून वर जाते, हात चिकात असतात. पुन्हा लावला. मग तिच्या नवऱ्याला लावला, तो व्यस्त. पुन्हा व्यस्त. पुन्हा. तो कुणाकुणाशी बोलत असेल हे मला दिसत होतं, आणि काय बोलत असेल ते दिसत नव्हतं. मी रिपोर्ट उघडू शकत होते. आता कसलं पथ्य राहिलं होतं? तरी हात धजला नाही. मी नुसती फोन लावत राहिले.

मग माझाच फोन वाजला. आई होती, आणि रडत होती. रडण्यावरून मला काही कळेना.

"साधी गाठ निघाली व माय! काही नाही, साधी! जवाईबापूचा फोन आलता. तुले माहीत नाही काय? तू तिथं बसून करते तरी काय?"

मी टेबलावर डोकं ठेवलं. इतकं हायसं वाटलं की ओक्साबोक्शी रडले. आणि रडता रडता मनात आलं, तिला कळलं का?

"आई, तिला कळलं?"

"कळलं असन ना. सगळ्या दुकानात पेढे वाटले त्यानं."

थोड्या वेळानं बहिणीनं फोन उचलला. "कळलं मले," ती म्हणाली. आवाज सपाट.

"त्यानं सांगितलं?"

"शेजारच्या काकूनं. काका दुकानात बसले होते त्याच्या. काकू त्यायच्या गच्चीवरून वरडली, सुटली व बाई तू, पेढे कधी देते म्हणे. मी म्हटलं, कायचे पेढे?" ती थांबली. "चांगलंच झालं ना ताई. चांगलंच निघालं. आता काय म्हणू मी कोणाले?"

 कुरडया राहिल्यात, म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रिसेप्शनच्या मुलीला मी त्याच दुपारी जाऊन धरलं. रागावायच्या तयारीनं गेले होते. "नंबर नवऱ्याचा का टाकला?"

ती गोंधळली. "मॅडम, मी पेशंटलाच विचारते. बायाच म्हणतात, यायचा लिहा."

यायचा म्हणजे ह्यांचा, नवऱ्याचा. तिनं मला एकामागून एक पानं उघडून दाखवली. बायकांच्या नावापुढे नवऱ्याचे नंबर, मुलांचे नंबर, एका आजींच्या नावापुढे गावच्या सरपंचाचा. मी सगळे दरवाजे आतून तपासले होते, कोण नर्स, कोण बिलिंगवाला, कुणाला काय दिसतं. ज्या बाईचं सगळं राखायचं ती आमच्या कंप्युटरच्या लेखी होती तरी कोण? एक मोबाइल नंबर. तो ज्याच्या खिशात, तोच पेशंट.

रविवारी मी अमरावतीला गेले. घरात सण असल्यासारखं वातावरण. आई आलेली, वांग्याचं भरीत, भाकरी, पेढ्यांचा डबा. जावई मला बघून उठला, "पाह्यलं ताई, उगीच भेवाडून राहिले होते तुम्ही." त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्याच्यावर चिडायची सोय नव्हती. बहीण भाकरी थापत होती. आई माझ्या कानात म्हणाली, "चार दिवस झाले, बोलत नाही धड. देवानं इतकं चांगलं केलं, आता कायची रुसली?"

मी स्वयंपाकघरात गेले. तिला सगळं सांगितलं, नंबर, लिंक, ओळी. तिनं भाकरी उलटली.

"मीच म्हटलं असन," ती म्हणाली.

"काय?"

"यायचा लिहा म्हणून. तिनं विचारलं असन आन् मी म्हटलं असन. सगळीकडे तेच म्हणतो आपण." मग जरा वेळानं, "डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. गाठीवर नजर ठेवा लागते. तेव्हाही त्यालेच जाईन काय?"

"जाईल. मी उद्या ऑफिसला गेले की पहिल्यांदा तुझा नंबर बदलते."

"नको," तिनं हात धुतले. "तू बदलला त तू बदलला. मले नाही येत काय बदलता?"

येत होतं. दवाखान्याचं ॲप आहे, त्यात आपला नंबर बदलता येतो. मी तिच्या फोनवर ते उतरवून दिलं. फक्त एक अट आहे, आणि ती मीच आग्रहानं घालायला लावली होती, कुणी ऐरागैरा उठून दुसऱ्याचा नंबर बदलू नये म्हणून: नवा नंबर टाकला की जुन्या नंबरवर ओटीपी जातो. तो इथं टाकला तरच बदल होतो. मी तिला ते सांगितलं.  तिनं माझ्याकडे बघितलं आणि ताटं वाढायला घेतली.

आम्ही सगळे जेवायला बसलो. बहिणीनं डाव्या हातानं फोन मांडीवर धरला होता. तिनं स्वतःचा नंबर टाकला, बटण दाबलं. तिच्या नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला.

त्यानं घास खाली ठेवून बघितलं. "हे काय आलं? दवाखान्याचा ओटीपी."

"सांगा," ती म्हणाली.

"कायले पाहिजे?"

"नंबर बदलून राहिली. माहा टाकते."

"कावून? माहा आहे ना," तो म्हणाला, खरोखरच न कळून. मग त्यानं चष्मा वर केला आणि मेसेज शेवटपर्यंत वाचला, दुकानात रोज येणाऱ्या फसवणुकीच्या गोष्टी ऐकून शहाणा झालेला माणूस जसा वाचतो तसा. "थांब वो. कोणालेच सांगू नका लिहून आहे याच्यात." आणि त्यानं फोन उलटा करून ताटाशेजारी ठेवला.

"मंग मी कोणी आहे काय?" बहीण म्हणाली.

आवाज चढला नव्हता. भाकरी वाढू का, असं विचारल्यासारखं तिनं विचारलं. आई हातातला घास तसाच धरून बसली. तो आधी हसला, मग त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला काय काय आठवत होतं मला माहीत नाही, पण त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं हात पुसले, फोन उचलला, उघडला आणि तिच्या ताटापुढे सरकवला.

तिनं आकडे बघून टाकले. तोवर त्यांची मुदत संपून गेली होती.

तिनं "पुन्हा पाठवा" दाबलं. फोन तिच्यापुढे पडलेला होता, त्याचा होता, आणि आम्ही चौघंही जेवायचं सोडून त्याच्याकडे बघत बसलो.